वाईट बाईच्या बाह्या

वसमतला हळद शिजते त्या दिवसांत
माझ्या टेपवर पिवळे डाग पडतात.
बायका थेट कढईवरून येतात,
बोटं पदराला पुसून मोबाईल काढतात,
काचेवर पिवळा ठसा उमटवत दाखवतात :
असला गळा. असली लेस.
मी चित्र मोठं करून बघते.
आधी सगळं फुटतं ठिपका-ठिपका,
मग कुठं शिलाई दिसते.

पूर्वी माप म्हणजे जुनं ब्लाऊज,
पेपरात गुंडाळलेलं, काखेत विटलेलं.
"ह्याच्यापेक्षा बोटभर ढिलं", एवढंच बोलणं.
आता साडेआठच्या मालिकेत सोमवारी दिसलं
की गुरुवारी माझ्या मशीनवर.

नायिकेचा गळा मी एकोणीस वेळा शिवला.
बाही कोपरापर्यंत, पाठीवर इवलीशी गाठ.
ती नायिका रडते फार छान.
माझी पुतणी अंबिका
आधी रागावलं की भांडी आपटायची,
घर दणाणायचं.
आता खिडकीशी जाऊन उभी राहते,
डोळे भरू देते, पुसत नाही.
खिडकीबाहेर शेजाऱ्याची म्हैस.
तरी उभी राहते
कोणीतरी बघत असल्यासारखी.

आणि केवळबाईचा पोरगा,
भर मांडवात नवरीला उचलून घ्यायला गेला.
पडद्यावर सगळेच उचलतात.
पाठ धरली. आठ दिवस विटेनं शेकत होता.
नवरी हसली नाही,
ती म्हणे व्हिडिओवाल्याला विचारत होती,
परत घ्यायचं का?

हसू नका. मीही
गिऱ्हाईक गेलं की वळून बघायला लागले होते,
मान हळूच, खांद्यावरून.
नवऱ्यानं विचारलं, मान अवघडली का?

मग एका शनिवारी प्रयागबाई आल्या.
आडतीवर हळकुंडं निवडतात, पंचविशी झाली.
कधी रंगसुद्धा सांगितला नाही मला,
"असंल ते शिव" म्हणायच्या, आणि उंबऱ्यातच बसायच्या.
त्या दिवशी आत आल्या, स्टूल ओढलं.
म्हणाल्या, "ती हाय ना, मालिकेतली वाईट बाई,
तिच्या बाह्या पायजेत."

मी दोऱ्याचं टोक दातात धरूनच हसले.
"तिच्याच काऊन वं?
घरं फोडती ती."

त्यांनी हाताकडं बघितलं,
नखातली हळद दुसऱ्या नखानं काढली.
"ती बोलत असली की
मधी कोणी बोलत न्हाई."

दोन दिवस ते कापड मी कापलंच नाही.
उभ्या बाह्यांना आत कॅनव्हास लागतो.
किती लागतो, म्हणजे कोणी मधी बोलणार नाही,
हे कुठल्या शिवणक्लासात शिकवत नाहीत.
मी दुहेरी घातला.

पुढचं मी पाहिलेलं नाही, दुकानात ऐकलं.
मुकादम मोजणीत रोज एक पोतं गिळायचा.
प्रयागबाई म्हणाल्या, परत मोज.
कोणी सांगतं, त्यानं मोजलं.
कोणी सांगतं, सोमवारपासून येऊ नको म्हणाला.
सांगणारी प्रत्येक जण मात्र
"परत मोज" म्हणताना
खांदा जरा उचलते.

मालिकेत त्याच आठवड्यात
वाईट बाई जिन्यावरून पडली.
आमच्या गल्लीत टाळ्या वाजल्या,
मी घरातून ऐकल्या. मीही वाजवली असेल एखादी,
सवयीनं.

काल आडतीवरचीच एक पोर आली,
मोबाईल नव्हता हातात.
दारातच घुटमळली.
"प्रयागमावशीसारख्या बाह्या..."
मी खण उघडला.
कॅनव्हास होता अजून, जेमतेम दोन बाह्यांचा.

ये आत, म्हणाले,
आणि ते बोट पुसून घे आधी,
टेप नवीन आहे.