कांडी मोडून

कऱ्हाळे सर, मी तिसऱ्यांदा आलेय.
हाताची हळद साबणानं निघत नाही,
म्हणून खुर्चीच्या कडेवरच बसते,
तुमचे कागद पिवळे नको व्हायला.

सलोनीचं पुन्हा तेच.
परवा भोसीकर बाईंनी तिला दाराबाहेर उभं केलं.
सगळा वर्ग सातचा पाढा म्हणत होता
आणि ही खिडकीचे गज मोजत बसलेली.
घरी आल्यावर मी विचारलं, काय मोजत होतीस?
तर म्हणे, साताला सातानं गुणायचं, परत सातानं, परत सातानं,
शेवटी सात येतो, मग नऊ, मग तीन, मग एक,
की पुन्हा सात.
"चौघांचंच घर आहे ते, आई.
पाचवं कुणी येतच नाही."

बाई वाईट नाहीत, सर.
चाळीस लेकरं आणि एक फळा,
त्यांनी तरी कुठं कुठं बघावं.

वसमतच्या मोंढ्यात मी निवडणीला असते,
तिचे वडील काट्यावर.
रविवारी ती पोत्यांच्या थप्पीवर पाय हलवत बसते
आणि मुनिमाच्या आधी पट्टीची बेरीज सांगते,
हमाली, तोलाई, बारदान वजा जाता.
मुनीम खेकसतो.
मग चष्मा पुसतो, पुन्हा आकडे जुळवतो
आणि काही न बोलता
आपला आकडा खोडतो.

तुम्ही म्हणता, वय बसत नाही.
संगणकात जन्मतारीख टाकली की तो
तिसरीच दाखवतो.
मग वीटभट्टीवरचं ते पोरगं?
शाळेची पायरी न चढलेलं,
त्याला वयाकडं बघून थेट पाचवीत बसवलंत.
चांगलं केलंत. मी नाव ठेवत नाही.
पण वयासाठी वर्ग ओलांडता येतो,
तर समजुतीसाठी काहून नाही?

मोंढ्यात ढिगाची जन्मतारीख कुणी विचारत नाही, सर.
व्यापारी येतो, एक कांडी उचलतो,
कट्कन मोडतो,
आतला रंग बघतो...

इथं माझीच जीभ अडखळली.
लेकरू म्हणजे कांडी नाही.
मोडलेली कांडी तो ढिगात परत फेकतो,
ती काही सांधत नाही.

भीती मलाही आहे.
पाचवीचा बाक उंच,
तिचे पाय खाली टेकायचे नाहीत.
थोराड पोरी खेळात घेतील, पण लिंबूटिंबू म्हणून.
आणि झीनत तिसरीतच राहील,
दोघी एका रुमालातले चिंचोके खातात.
मागच्या दोन्ही वेळी
हेच सगळं मनात घोळवत
मी तुमच्या दारातून अर्धं बोलून परत गेले.

पण काल रात्री, दिवा मालवल्यावर, तिनं विचारलं:
"मी मुद्दाम चुकले
तर बाई खूश होतील का?"

आठ वर्षांचं लेकरू, सर.
चुकायचं कसं, ते शिकायला लागलंय.
ते तिला लवकर येईल. तिला सगळंच लवकर येतं.

सर बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले.
बाहेर घंटा झाली, खिचडीच्या ताटांचा आवाज आला.
मग म्हणाले, गणिताला पाठवू पाचवीत.
दिवाळीपर्यंत बघू. हजेरी तिसरीतच.

अर्धं पोतं.
असू दे. अर्धं पोतंही काट्यावर चढतं.

घरी सांगितलं, तर ती नाचली नाही, काही नाही.
बराच वेळ बोटाशी काहीतरी करत बसली, मग म्हणाली,
"आणि मधली सुट्टी? ती कोणत्या वर्गाची?"
झीनतची, मी म्हणलं.
"मग चालतंय."

आता आठवडा झालाय.
पाचवीच्या बाकाखाली
तिच्या पायांपुरत्या दोन विटा
कुणीतरी आणून ठेवल्यात.
कुणी, ते ती सांगत नाही.