तीन मिनिटं झाली

कॅमेऱ्याच्या डोळ्यावर मी टिकली चिकटवली आहे.
मरून, मधल्या आकाराची.
साजिद म्हणाला, काकू, याला झाकण मिळतं बाजारात,
शंभराला दोन.
म्हटलं, असू दे. मला सवय आहे
कुठलं भोक कशानं बुजवायचं याची.

बावीस वर्षं विट्याच्या एक्स्चेंजात बसले,
कानाला हेडफोन, समोर दोऱ्यांचं जंजाळ.
गलाईवाल्यांचं गाव. घरटी एक पुरुष
कोइमतूर, कटक, सिल्चर, कुठं कुठं
सोनं वितळवत बसलेला,
आणि इथं बाहेरच्या बाकावर
पदरानं घाम पुसत बायका ट्रंक कॉलची वाट बघत.
मी जोडून द्यायची.
लाईन लागली की कळ पाडायची,
आपला कान बाहेर काढायचा, असा नियम.
भिंतीवर होता, फ्रेम करून.
रात्रपाळीला भिंतीकडे कोण बघतं?

कोण आजारी, कुणाची पेढी बुडाली,
कुणी तिकडं दुसरा संसार थाटला,
ऐकता ऐकता चहा गार व्हायचा.
"तीन मिनिटं झाली, वाढवू?" असं विचारताना
आत्ताच आल्यासारखा आवाज काढावा लागे.
तो मला छान जमायचा.

लेंगऱ्याच्या एका बाईचं ऐकलं.
नवरा सांगत होता, दुकान गेलं, गिऱ्हाइकाचं सोनंही गेलं,
पोरीचं लग्न होईतो तोंड उघडू नकोस.
तिनं नाही उघडलं.
मी उघडलं. एकीलाच सांगितलं, शपथ घालून.
बाजाराच्या दिवशी ते भाजीच्या पाट्यांवर होतं.
लग्न मोडलं.
पुढच्या वेळी ती आली तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाली,
बाई, लाईन जरा स्वच्छ लावा हो.
तिला माहीत नव्हतं, का होतं,
मला अजून कळलेलं नाही.

परवा, "मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरात व्हायरस शिरलाय" म्हणणाऱ्या
एका गोड आवाजाच्या पोराला
मी पडद्यावरचे नऊ आकडे वाचून दाखवले.
आणि बाण माझ्या हाताशिवाय हलला.
पेन्शनच्या फायलीवरून सरकत फोटोंकडे गेला,
नातीच्या बारशाच्या फोटोवर थांबला.
घाबरण्याआधी मी ओळखलं.
कुणीतरी कळ वर धरून बसलंय.
मधूनच तो विचारी, "मॅडम, आहात ना?"
अगदी आत्ताच आल्यासारखा.

प्लग खेचला. दोरी खेचायचे तसाच, मुळापासून.
जुनी खोड, दिवा विझल्याशिवाय बोर्ड सोडायचा नाही.
राउटरचाही प्लग काढला आणि
त्याचा हिरवा ठिपका मरेपर्यंत उभी राहिले.

साजिद आला. मुलाण्यांचा. चड्डीत असल्यापासून बघते.
आधी मला बँकेला फोन करायला लावला,
मग सगळं पुसून पहिल्यापासून भरलं,
राउटरचं कंपनीनं दिलेलं कुलूप बदललं
आणि रागावला, काकू,
"विटा१२३" असा पासवर्ड कोण ठेवतं?
लांब ठेवा. एखादं अख्खं वाक्य,
कुणालाच माहीत नसेल असं.

कुणालाच माहीत नसेल असं.
त्या कॉलच्या शेवटी, तीन मिनिटं संपता संपता,
लेंगऱ्याची ती बाई नवऱ्याला एक वाक्य बोलली होती.
पैशाचं नव्हतं. लग्नाचंही नव्हतं.
तेवढं मी कुणाला सांगितलं नाही,
शपथ घालूनसुद्धा नाही.

साजिदनं न सांगता तोंड भिंतीकडे फिरवलं.
मी एका बोटानं, मध्ये जागा न सोडता, ते टाइप केलं.

आता रोज सकाळी करते.
पडद्यावर नुसते काळे ठिपके उमटतात.
मोजलेत मी.
किती, ते सांगत नाही.