बस

खडू आता अकरा महिन्यांचा आहे,
म्हणजे माणसांच्या हिशोबात नववी ब.
एक कान उभा, दुसरा अजून ठरवतोय.
भुंकायला जातो तर मधेच आवाज फाटतो
आणि स्वतःच मागे वळून बघतो, कोण बोललं.

चार महिन्यांचा होता तेव्हा सगळं यायचं.
बस म्हटलं की बसायचा, हात मागितला की हात.
तळमजल्यावरच्या नाडगौडाबाई म्हणायच्या,
शाळा सुटली तरी शिस्त सुटली नाही हं, सर.
मग दिवाळी झाली आणि पाटी कोरी.
आता बस म्हटलं की तो पर्वतीकडे बघतो,
जणू तिथल्याच कुणाला तरी हाक मारलीय.

एकतीस वर्षं मी पी.टी. शिकवली.
सहाशे पोरं एका शिट्टीवर सावधान.
आणि हा, चौदा किलोचा,
सहकारनगरच्या चौकात चारी पाय रोवून उभा.
मागे रिक्षा, रिक्षामागे टेम्पो,
टेम्पोवाला मान बाहेर काढून विचारतो,
"काका, कोण कुणाला फिरवतंय?"

माळ्यावरून शिट्टी काढली. काळी, प्लास्टिकची,
दोरीला अजून मैदानाची धूळ.
दुपारी डोळा लागला तेवढ्यात त्यानं दोरी खाल्ली,
मग चावून चावून आतला मणी काढला
आणि गिळला.
डॉक्टर म्हणाल्या, येईल बाहेर, वाट बघा.
तीन दिवस बघितली, हातात काडी घेऊन.

शेवटी मुलीनं तन्झिलाला बोलावलं.
कोंढव्याहून स्कूटीवर येते,
कमरेला पिशवी, पिशवीत उकडलेली कलेजी.
पहिल्या दिवशी तिनं कुत्र्याकडे पाहिलंच नाही,
माझ्याकडे पाहत होती.
"सर, तुम्ही सहा वेळा बस म्हणालात.
सहाव्यांदा बसायचं असतं, एवढं तो नीट शिकलाय.
एकदाच म्हणा. मग गप्प राहा."
"आणि नाही बसला तर?"
"तर अजून थोडं गप्प राहा."

गप्प राहणं आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं.
भालेघरे म्हणून एक पोरगा होता,
सगळ्यांचा डावा पडायचा तेव्हा याचा उजवा.
मी ओरडायचो, डावा, डावा, अरे डावा,
की तो दोन्ही पायांवर उभा राहून
माझ्या तोंडाकडे बघायचा.
सव्वीस जानेवारीला त्याला संचलनातून काढून
पाणी वाटायला बसवला.
छान वाटलं त्यानं पाणी. सांडलं नाही.

आज पहाटे, कालव्याच्या रस्त्यावर.
बस, म्हणालो. एकदा.
दुधाची गाडी गेली.
हास्यक्लबातलं पहिलं हसू आलं, खोटं,
मग दुसरं, जरा बरं.
बाकावर दोन म्हातारे पाणीकपातीवरून भांडत होते,
मी मनातल्या मनात टोपीवाल्याच्या बाजूचा झालो.
उंबराखाली कुणाची तरी चप्पल राहिली होती,
एकच, डाव्या पायाची, अंगठा उसवलेली.
हा माणूस घरी कसा गेला असेल
याचा मी विचार करत होतो.

खाली बघितलं तर खडू बसलेला.
कधी बसला कोण जाणे.
मुठीतल्या कलेजीचा लगदा झाला होता.
शाबास म्हणायला तोंड उघडलं
आणि मांजर.
दोरी हाताला चटका देऊन गेली.

सवयीनं खिशातली शिट्टी ओठाला लावली.
मणी नाही. नुसती हवा,
चहा फुंकावा तशी.
तो कालव्याच्या कठड्यापाशी थांबलाय,
पाठ माझ्याकडे, शेपूट विचारात,
आणि तो न ठरलेला कान
हळूहळू वर येतोय, पुन्हा पडतोय.

मी दुसऱ्यांदा फुंकलेली नाही.