किती खाली

रुवीच्या हाय स्ट्रीटवर, सोनाराला लागून,
दिव्यांचं एक दुकान आहे.
आत शिरलं की मान वर करूनच चालावं लागतं.
दुकानदार सगळे दिवे एकदम लावतो
आणि मग आपल्याला एकही नीट दिसत नाही.

हेमांगीने वहीत लिहून आणलं होतं:
हॉल, तीन मीटरला चार बोटं कमी.
मीटर माझे, बोटं तिची.

पहिला दाखवला तो छताला चिकटलेला,
पालथ्या परातीसारखा.
कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.
एकोणीस वर्षांत पाच घरं बदलली आम्ही,
पाचही घरांत हाच होता, मालकाने लावून ठेवलेला.
त्याच्याखाली जेवलो, भांडलो, पासपोर्ट शोधले.
ओजसला ताप चढला त्या रात्री
तो वरून बघत राहिला
पंचनाम्याला आलेल्या हवालदारासारखा.
"नको," हेमांगी म्हणाली.
का, ते दुकानदाराने विचारलं नाही.

दुसरा छताच्या पोटात बसणारा.
त्यासाठी खऱ्या छताखाली खोटं छत करायचं,
आणि मालकाची लेखी परवानगी.
दिवा दिसतच नाही साहेब, नुसता उजेड,
दुकानदार अभिमानाने सांगत होता.
मी साइटवर असले चारशे बसवून घेतलेत,
एका बँकेत. नगाचा भाव अजून पाठ आहे.
घरी मला
उजेड कुठून येतो ते कळलेलं बरं.

तिसरा वीतभर उतरलेला,
चप्पल न काढता दारातच बोलणाऱ्या पाहुण्यासारखा.
साडेनऊ रियाल. डोक्याला लागणार नाही,
काढायला सोपा, भोकं दोनच.
खरं सांगायचं तर मी तोच घेतला असता.

पण ती केव्हाची चौथ्यापाशी थांबलेली.
लांब साखळी, पितळेचा घुमट, आतून पांढरा.
मी म्हटलं, हा लावला
की टेबल हलवता येणार नाही.
ती म्हणाली, तेच तर.

शुक्रवारी नमाजनंतर शमसुल आला, स्टूल घेऊन.
छताच्या मधोमध रंगाखाली बुजलेली
एक कडी सापडली त्याला.
आमच्या आधीच्या कुणाची तरी.
पंख्याची? पाळण्याची?
शमसुल दोन्ही हातांनी लोंबकळला तिला,
पाय हवेत, हसत म्हणाला, पक्का है.
मग वरूनच त्याने विचारलं,
कितना नीचे?

मी उभा राहिलो, डोकं आपटू नये इतकं वर.
ती बसली, समोरचं तोंड दिसावं इतकं खाली.
तिसऱ्या खुर्चीवर फोन टेकवलेला,
फोनमध्ये ओजस, नागपूरच्या हॉस्टेलवर,
मागे त्याची वाळत घातलेली बनियन.
तो म्हणाला, अरे बाबा, मला काहीच दिसत नाहीये,
सगळं पांढरं झालंय.
शमसुलने दोन कड्या वर घेतलं.
आता?
आता दिसताय, तो म्हणाला. दोघंही.

उरलेल्या नऊ कड्या शमसुलने कापल्या
आणि माझ्या तळहातावर ठेवल्या.
फिर लंबा नहीं होगा, म्हणाला.
मी त्या पावतीसोबत ड्रॉवरमध्ये टाकल्या.
खोकं थर्माकोलसकट कपाटावर चढवलं,
कधी ना कधी काढावा लागणारच,
सवयच आहे आपल्याला.
हेमांगीने पाहिलं. बोलली नाही.

आज आठ-दहा दिवस झाले.
सकाळी पोळ्या लाटून ती टेबलाशी बसली
आणि म्हणाली, अहो, हे डुगडुगतंय.
एक पाय आखूड आहे याचा.
आठ वर्षं हे टेबल
या भिंतीकडून त्या भिंतीकडे सरकतंय,
कुणालाच कळलं नव्हतं.

मी स्टूल घेतलं, खोकं खाली काढलं.
त्याचं एक झाकण फाडलं,
चार घड्या घातल्या,
पायाखाली सरकवून पाहिलं.
अजून थोडं लागेल, ती म्हणाली.
मी दुसरंही फाडलं.