शेऱ्याचा रकाना

माझं काम वजनाचं.
पहाटे पाचला कंदील लावायचा
आणि नऊ ते बारा नंबरच्या गायींपुढे
चौदा-चौदा पौंड गहू ठेवायचा:
गव्हाचा भरडा, गव्हाचा कोंडा, गव्हाचंच काड.
पलीकडच्या चौघींना मका, कणसापासून धाटापर्यंत मकाच.
गव्हाणीत उरेल ते परत मोजायचं.
पोटातून जाईल तेही,
पत्र्याच्या टबात, वाफाळतं.
मिनेसोटाच्या जानेवारीत तेवढीच ऊब.

प्रोफेसर व्हिटकॉम्ब म्हणाले, हाल्वोर,
प्रयोगशाळेच्या तराजूत दोन्ही चारे सारखे.
प्रथिनं तेवढीच, स्निग्ध तेवढंच, राख तेवढीच.
मी मान डोलावली.
राखेने भांडी घासतात एवढंच मला ठाऊक.

पण गव्हावरच्या गायी
भिंतीकडे तोंड करून उभ्या राहू लागल्या.
केस राठ, रवंथ मधेच थांबलेला,
दावणीला बांधलेल्या, तरी कुठेतरी निघून गेलेल्या.
वहीत सात रकाने. शेवटचा शेऱ्याचा,
माझ्या अंगठ्याएवढा रुंद.
त्यात मी लिहिलं: नऊ नंबर बघत नाही.
मिस ओटिली ब्रान्ट रोज संध्याकाळी आकडे तपासायच्या.
त्यांनी ते खोडलं नाही,
फक्त विचारलं, कुणाकडे?

नऊ नंबर तीन आठवडे आधी व्याली.
वासरू आंधळं. बोटाने चीक लावला
तो ओठांवरच गोठला.
दहाचं मेलेलंच आलं.
बाराची वार दोन दिवस पडेना.
वजनं मात्र बरोबर होती. सगळ्यांची.

अकरा राहिली होती.
तिच्या पोटाला हात लावला तर आतून कुणीतरी
हळूच उत्तर दिलं.
त्या रात्री कोटाखाली लपवून
मी मक्याची पेंढी नेली.
दुसऱ्या रात्रीही. पाच आठवडे.
आयुष्यात पहिल्यांदा, न मोजता.

एप्रिलात तिला कालवड झाली.
अर्ध्या तासात चार पायांवर उभी,
माझ्या बादलीला ढुशी.
प्रोफेसर हरखले. म्हणाले, इथेच काहीतरी आहे!
अकराचं रक्त काढलं, केस काढले,
तीन आठवडे वरच्या मजल्यावर दिवे जळत राहिले.
मिस ब्रान्टच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं.
मी खाली बादल्या धूत होतो.
एकच बादली, पुन्हा पुन्हा.

शेवटी टोपी हातात घेऊन जिना चढलो.
सगळं सांगितलं.
प्रोफेसर बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते,
मग म्हणाले, किती?
मोजलं नाही, साहेब.
चोरी त्यांनी सोसली असती.
हे नाही सोसलं.

छापील अहवालात पंधराच गायी आहेत.
तळटीप: एक जनावर वगळले.
तिची कालवड विज्ञानाच्या कुंपणाबाहेर
हिरवं गवत खात वाढली,
नंबर नसलेली.

मला डुकरांकडे पाठवलं.
पहिल्याच दिवशी नवी वही आली,
रेघा हाताने मारलेल्या, मिस ब्रान्टच्या हाताच्या.
शेऱ्याचा रकाना अर्धं पान.
काय लिहू कळेना.
डुकरं तर सगळीकडेच बघतात.