पाचवं आणि सहावं दार

आवाज झकास झालाय, यादिएल. मान्य.
काल पुलाखालून गेलास तेव्हा दोन्या प्रोविच्या कोंबड्या
आंब्यावर चढल्या, त्या अजून उतरलेल्या नाहीत.
पण चार हजारांच्या पुढे गाडी धापा टाकते म्हणतोस
आणि पाइपवाल्याला शिव्या घालतोस.
थांब जरा. घोडं कुठं पेंड खातंय ते बघू.

या इंजिनात पिस्टन नाहीत.
पोटात दोन फुगीर त्रिकोण फिरतात,
एकाच दांड्यावर, एकमेकांचं तोंड न बघता.
त्यांना श्वास घ्यायला सहा दारं.
चार रोजच्या राबत्याची.
पाचवं आणि सहावं लाजरं,
आत एक बारीक बाही आहे, ती थोडी वळली तरच उघडणारं.
आणि बाही वळवतं कोण?
धूर.
बाहेर पडायला निघालेला, पुढे वाट अरुंद म्हणून कोंडलेला,
तो एका करंगळीएवढ्या नळीतून मागे येतो
आणि दाराला खांदा लावतो.
हिरोशिमातल्या कुणा काटकसरी माणसाचं डोकं असणार.
उच्छ्वासाकडूनच पुढचा श्वास मागवून घ्यायचा.

तू तो कोंडमाराच उपटून टाकलास.
जाळीचा डबा भंगारात, त्या जागी तीन इंची सरळ पाइप.
धूर आता शिट्टी मारत निघून जातो,
दाराशी थांबतोय कशाला?
आडात नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार.

लोक काय काय करतात, पाहिलंय मी.
तारेनं बांधून दोन्ही दारं कायमची उघडी.
मग कायेच्या चढावर दुसऱ्या गिअरात
केळीचा ट्रक हॉर्न देत पुढे जातो.
किंवा बाह्या काढून फेकून देतात.
असं करून आलेल्याला पापी कॉफी विचारायचे नाहीत.

तुझ्या बाह्या काजळीनं चिकटल्या होत्या.
रात्रभर डब्यात भिजवल्या,
सकाळी जुन्या टूथब्रशनं घासल्या,
आता बोटानं गरगर फिरतात,
शेवटच्या महिन्यात पापींच्या बोटात अंगठी फिरायची तशा.

आणि हा पंप. बारा व्होल्टचा.
बघ, बाजूला अजून दोन खवले चिकटलेत.
एरिबेर्तोच्या होडीवरचा आहे,
आमिषाचे मासे जिवंत ठेवायचा.
वादळानंतर चार महिने वीज नव्हती,
पाचव्या महिन्यात तो ऑरलँडोला गेला.
होडी ग्वायामाच्या एकानं नेली, जाळं भाच्यानं.
पंप कुणी मागितला नाही.
आता धुराचं काम तो करील.
आरपीएमच्या तारेवर स्विच बसवलाय,
काटा तीन हजार आठशेला टेकला की पंप फुंकर घालतो,
काटा उतरला की ही चिमणी झडप हवा सोडून देते.
ती विसरलास तर दारं उघडीच राहतील,
म्हणून आधी तीच तपासत जा.

संध्याकाळी सालिनासच्या रस्त्यावर नेली होती.
दोन्ही बाजूंना ऊस होता तिथं आता नुसतं गवत.
तिसरा गिअर, काटा चढतोय,
पायापाशी डास गुणगुणल्यासारखं काहीतरी,
आणि मग सीटनं पाठीत ढकललं, तेही दुसऱ्यांदा.
एकटीच होते. ओरडले मी.

परत आल्यावर एरिबेर्तोला फोन लावला.
बॉनेट उघडून फोन पंपाजवळ धरला, काही सांगितलं नाही.
बराच वेळ त्याच्याकडून फक्त एअर कंडिशनर ऐकू आला.
मग म्हणाला, नेरेइदा,
पाणी बदललंस ना? कोळंबी मरेल.

ही घे किल्ली.
पैसे पंधरा तारखेला चालतील.
पुलाखालून मात्र दुसऱ्या गिअरात नको,
दोन्या प्रोवि अंडी मोजते.