तुटीची जागा

एल्स्पेथच्या शेडमध्ये मी दर सप्टेंबरला जातो.
लोकरीची प्रत ठरवणं, एवढंच माझं काम.
केव्ह कातरून उठतो, अख्खी लोकर
अंगरख्यासारखी टेबलावर भिरकावतो,
मी त्यातली करंगळीएवढी बट उपसतो,
दोन्ही टोकं चिमटीत ताणून
कानाशी नेतो आणि टिचकी मारतो.

टण्ण वाजली तर चांगली.
कुरकुरून तुटली, तर मेंढी कधीतरी उपाशी होती.
टोकापासून मुळापर्यंत वर्ष लिहिलेलं असतं तिच्यात.
मधोमध मार्च-एप्रिल :
गव्हाचं धसकट संपलेलं, पाऊस यायचाय.
इथली प्रत्येक बट नेमकी तिथे तुटायची.
सोळा वर्षं.

क्लेमच्या बापाने दोन ट्रॅक्टरांमध्ये साखळदंड बांधून
तीन उन्हाळ्यांत सगळं रान आडवं केलं.
खालचं पाणी ती झाडं खालीच धरून होती,
हे त्याला कोणी सांगितलं नाही.
गव्हाची मुळं ती केवढी!
पाणी चढत आलं, येताना मीठ घेऊन आलं.
आधी ओढ्याकाठची पट्टी, मग सखल कोपरा,
मग पावणेदोनशे एकर पांढरे,
पायाखाली पापडासारखे मोडणारे.
क्लेम तिकडे बघायचा नाही.
गाडी लांबच्या रस्त्याने न्यायचा.

तो गेल्यावर तिने सॉल्टबुशची रोपं आणली.
ठेंगणी, राखाडी, मेलेलीच वाटावीत अशी.
शेजारी म्हणाला, मिठात काय लावतेस?
म्हणाली, मीठ खाणारं.

मी एकदा पान चावून पाहिलं.
जिभेवर समुद्र,
आणि समुद्र तीनशे किलोमीटर लांब.
मेंढ्या ते खातात आणि पाणी पितात, पितच राहतात,
म्हणून पहाटे ती आधी हौद बघते, मग किटली ठेवते.
नुसत्या पाल्यावर भागत नाही,
वाळल्या गवताचा गठ्ठा सोडावाच लागतो.
चमत्कार नाही हा, हिशोब आहे.

यंदा पहिली बट : टण्ण.
दुसरी, सातवी, विसावी : टण्ण.
मार्चच्या जागेवरून नख फिरवलं, कुठे अडलं नाही.
खाल्ल्या मिठाला जागली म्हणावं,
तर मेंढीला कसलं इमान;
तिने फक्त खाल्लं.

मग खालच्या कुरणातल्या मेंढ्या आल्या.
बट तुटली. दुसरीही. सगळ्या एकाच जागी,
मधल्यापेक्षा जरा टोकाकडे.
मी मोजलं. फेब्रुवारी.

"फेब्रुवारीत काय झालं होतं?"

एल्स्पेथ झाडू मारत होती, थांबली नाही.
"हौदाचा नळ अडकला. थेंब थेंब चालू होता.
मला उठवत नव्हतं. पाच दिवस."
"मुलीला कळवलं?"
"पर्थहून येऊन ती काय करणार होती."
"कोणालाच नाही?"
"तुला कळलं ना आता."

केव्हने यंत्र बंद केलं होतं.
पत्र्यावर ऊन तडतडत होतं.

त्या लोकरीची गासडी मी वेगळी बांधली,
प्रत एक पायरी खाली लिहिली; लिहावीच लागते.
निघताना हौदावरून गेलो.
नळ नवा होता, पितळी,
त्याच्या तोंडाशी मिठाची कड धरू लागली होती.
मी ती नखाने खरवडली.